चादर, बादली की तगर? पुण्यातल्या बागेत पतंगांची नोंद ठेवायची तर

बागेत कोण येतं आणि बागेत कोण राहतं, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पतंगांची नोंद ठेवायला निघालेले बहुतेक जण पहिल्याचं उत्तर देणारी साधनं घेऊन येतात, मनात मात्र दुसराच प्रश्न असतो. रासायनिक फवारणी बंद केली, कोपऱ्यात पालापाचोळा राहू दिला, लॉन काढून देशी झुडपं लावली, तर त्याचा काही उपयोग झाला का? दिव्यावर आलेला पतंग हे सांगत नाही. तो वेताळ टेकडीवरून उतरलेला पाहुणा असू शकतो. तुमच्या तगरीची पानं फस्त करणारी अळी मात्र भाडेकरू आहे, तिचा राहता पत्ता तोच.

म्हणून पद्धत निवडताना ‘सगळ्यात जास्त पतंग कशावर येतात’ हा प्रश्न मी शेवटी ठेवतो. आधी जागा किती आहे ते बघायचं, शेजारी किती जवळ आहेत ते बघायचं आणि पुढच्या वर्षी याच दिवसांत हेच पुन्हा करायची तयारी आहे का, ते स्वतःला विचारायचं.

अजून एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. भारतात पतंगांच्या दहा हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत, फुलपाखरांच्या साधारण तेराशे. फुलपाखरांचं बरं चाललंय. महाराष्ट्राने २०१५ मध्ये नीलवंताला राज्य फुलपाखराचा मान दिला, मराठी नावं ठरली, खिशात मावतील अशी पुस्तकं आली. पतंगांच्या वाट्याला यातलं फारसं काही आलेलं नाही. नुसत्या फोटोवरून प्रत्येकाची ओळख पटत नाही, आणि कित्येक जाती तर सूक्ष्मदर्शकाखाली जननेंद्रियं तपासल्याशिवाय एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत. पहिल्याच पावसाळ्यात यादी पूर्ण करायची घाई असेल तर ती इथेच सोडा.

आयता दिवा

सोसायटीच्या जिन्यात, पार्किंगमध्ये, वॉचमनच्या केबिनवर रात्रभर दिवे चालूच असतात. त्यांच्यावर काय बसलंय ते सकाळी बघायचं, एवढीच ही पद्धत. खर्च शून्य. शिवाय तुम्ही अंधारात एकही नवा दिवा वाढवत नाही. वन्यजीवांसाठी बाग करायची म्हणणाऱ्या माणसासाठी हा मुद्दा छोटा नाही.

वेळ मात्र पाळावी लागते. सकाळी सहाच्या सुमाराला, झाडूवाल्या मावशी यायच्या आत, एकदा सगळे मजले उतरून यायचं. भिंतीवर, कठड्याच्या खालच्या बाजूला, इलेक्ट्रिक मीटरच्या पेटीवर नजर टाकायची. हमखास दिसेल तो असोटा: तपकिरी पंख, मुळाशी नारिंगी-पिवळा भाग, त्यात काळे ठिपके आणि पंखाच्या मधोमध एक पांढरा ठिपका. त्याच्या अळ्या उंबराच्या कुळातल्या झाडांवर वाढतात, आणि पुण्यात उंबर-पिंपळाची वानवा नाही. खाली फरशीवर नुसते पंख पडलेले सापडले तर समजायचं, पालीने रात्री काम उरकलंय. त्या पंखांचाही फोटो काढा, कधी कधी तेवढ्यावर ओळख पटते.

या पद्धतीचं दुखणं एकच. जुन्या ट्यूबलाइटमधून थोडाफार अतिनील प्रकाश बाहेर पडायचा. तिच्या जागी एलईडी आले, त्यांच्यातून तो जवळपास पडतच नाही. त्यामुळे दिवे बदललेल्या इमारतीत पतंग कमी दिसले तर ते परिसरातून कमी झाले असं लगेच म्हणता येत नाही. दिवा कधी बदलला ती तारीख वहीत लिहून ठेवा.

चादर आणि अतिनील दिवा

‘पतंग बघायचे’ म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येतं ते हेच. कपडे वाळत घालायच्या दोरीवर पांढरी सुती चादर, तिच्यापुढे दिवा, आणि टॉर्च घेऊन उभी असलेली दोन-चार माणसं. पद्धत चांगली आहे. आलेला प्रत्येक जीव जिवंत राहतो, मुलांना दाखवता येतो, हवा तसा फोटो मिळतो. पण दिव्यात फसगत फार होते.

बाजारात ‘यूव्ही बल्ब’ म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं ३९५ ते ४०५ नॅनोमीटरचं असतं. पार्टीत लावायचा जांभळा दिवा तो. पतंगांना जास्त ओढ असते ती ३६५ नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशाची. तपकीर गल्लीत गेलात तर ‘यूव्ही आहे का’ असं विचारू नका, आकडा विचारा. दुकानदाराला आकडा माहीत नसेल तर मच्छर मारायच्या मशिनमधली निळसर ट्यूब मागा, ती बहुधा याच पट्ट्यातली असते. फक्त ट्यूब आणि पट्टी घ्यायची, विजेची जाळी असलेलं मशिन नव्हे. आणि एक तिसरी वस्तू आहे, ती चुकूनही घ्यायची नाही: कोविडच्या काळात जंतू मारण्यासाठी घरोघर पोचलेली यूव्ही-सी ट्यूब. २५४ नॅनोमीटरचा तो प्रकाश डोळे आणि कातडी भाजतो. घरात पडून असली तरी चादरीपुढे लावू नका. ३६५ च्या दिव्याकडेही एकटक बघत बसू नये, अतिनील प्रकाश अडवणारा चष्मा असलेला बरा.

याच जातकुळीतला थोरला भाऊ म्हणजे मर्क्युरी व्हेपर दिवा, १२५ किंवा १६० वॅटचा. त्यावर पतंगांची नुसती झुंबड उडते, हे खरं. पण तो प्रचंड तापतो, तापलेल्या काचेवर पावसाचा थेंब पडला तर फुटू शकतो आणि अख्ख्या गल्लीत उजेड पाडतो. पाऱ्याच्या वापरावरच्या मिनामाता करारात अशा दिव्यांसाठी २०२० ही अखेरची मुदत होती, त्यामुळे तो आता सहज मिळतही नाही. ताम्हिणीच्या जंगलाकडेला एखाद्या अभ्यासकाने तो लावला तर ठीक. कोथरूडच्या बंगल्यात, दहा फुटांवर दुसऱ्याची बेडरूम असताना, त्याचं काम नाही.

पतंग दिव्यावर का येतात, याचं एक पटणारं उत्तर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून मिळालं. अतिवेगवान कॅमेऱ्यांनी घेतलेल्या चित्रणात दिसलं की उडणारे कीटक आपली पाठ उजेडाकडे वळवतात. मोकळ्यावर उजेड आकाशाचा असतो, म्हणजे वरचा, आणि त्यावरून शरीराचा तोल राहतो. दिवा शेजारी आला की पाठ तिकडे वळते आणि बिचारा घिरट्या घालत अडकतो. म्हणजे तो दिव्यावर प्रेमाने येत नाही, आपण त्याचा तोल बिघडवतो. तेवढ्या वेळात त्याचं खाणं, जोडीदार शोधणं, अंडी घालणं सगळं थांबतं.

त्यामुळे माझा नियम असा: अंधार पडल्यावर दिवा लावायचा, दहाच्या सुमाराला बंद करायचा आणि महिन्यातून दोनदाच. बंद केल्यावर चादर थोडा वेळ तशीच अंधारात राहू द्यायची, निम्मे आपापले निघून जातात. उरलेल्यांना हळूच झुडपात झटकायचं. चादर सकाळपर्यंत टांगून ठेवलीत तर दयाळ आणि बुलबुल तिला न्याहारीचं ताट समजतात. दोन-तीन वेळा चटक लागली की ते रोज हजर.

चादरीचं खालचं टोक जमिनीवर पसरून ठेवा, बरेच जीव वर न चढता खालीच बसतात आणि आपल्या पायाखाली येतात. टिनोपॉल लावलेली चादर या दिव्याखाली निळी चमकते आणि फोटोतले रंग बिघडतात, म्हणून जुनी, साध्या साबणाने धुतलेली बरी. फोटो काढताना पांढरी टॉर्च मारा.

रात्र कोणती निवडायची? अमावास्येच्या आसपासची, ढगाळ, उबदार, वारा पडलेली. पौर्णिमेला चादर बहुतेक रिकामी राहते. पुण्यात जूनच्या पहिल्या पावसापासून ऑक्टोबरपर्यंत भर हंगाम, डिसेंबर-जानेवारीत शुकशुकाट. पहिल्या सरींनंतर एखाद्या संध्याकाळी वाळवीचे पंखवाले किडे ढगासारखे उठतात. त्या दिवशी दिवा सरळ बंद करून घरात बसावं, चादरीवर दुसरं काही दिसतच नाही.

शेजाऱ्यांचा पहिला आक्षेप डासांचा असतो: ‘आधीच डेंग्यूने बेजार, त्यात तुम्ही किडे बोलावताय!’ डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो आणि दिव्याकडे त्याची फारशी ओढ नसते, हे शांतपणे सांगा. मात्र पक्ष्यांसाठी ठेवलेल्या भांड्यातलं पाणी आठवड्यात बदललं नसेल तर तक्रार शेजाऱ्यांची बरोबर आहे, तुमची नाही.

खरी काळजी दुसऱ्याच किड्याची घ्यायची. पावसाळ्यात दिव्यावर मुंगीसारखा लांबट, काळा आणि नारिंगी असा पेडेरस भुंगेरा येतो. तो चावत नाही. पण अंगावर चिरडला गेला की त्याच्या शरीरातल्या द्रवाने दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भाजल्यासारखे फोड उठतात. मानेवर काही वळवळलं की चापटी मारायची आपली सवय इथे महागात पडते. फुंकर मारून उडवायचा आणि ती जागा साबणाने धुवायची. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, लहान मुलं बरोबर असतील तर हे आधी सांगा.

बादली सापळा

बादली, तिच्या तोंडात नरसाळं, वर दिवा, आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे. पतंग नरसाळ्यातून आत घसरतात, ट्रेच्या खळग्यात बसून राहतात, आणि तुम्ही रात्री निवांत झोपता. सकाळी एकेक ट्रे उचलून मोजायचं आणि सोडून द्यायचं. इंग्लंडमध्ये घरोघरी हाच प्रकार चालतो आणि त्याची किंमत आकड्यांत दिसते. रोथॅमस्टेड या संशोधन संस्थेच्या सापळ्यांचं जाळं अनेक दशकं एकाच पद्धतीने चालू राहिलं, म्हणूनच १९६८ ते २०१७ या काळात ब्रिटनमधल्या मोठ्या पतंगांची संख्या सुमारे ३३ टक्क्यांनी घटली, असं ठामपणे सांगता आलं. चादरीपुढे उभं राहून असा आकडा निघत नाही, कारण चादरीवर काय दिसलं ते बघणाऱ्याच्या उत्साहावर ठरतं.

मग सगळ्यांनी बादलीच घ्यावी का? पुण्यात नको म्हणावंसं वाटतं, निदान पहिल्या वर्षी. जुलै-ऑगस्टमध्ये बादलीत पाणी साचतं. तळाला भोकं पाडली तर त्यातून मुंगळे आत शिरतात. वळवाच्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे आत पडतात आणि रात्रभर धडपड करून नाजूक पतंगांच्या पंखांची चाळण करतात. एप्रिल-मेमध्ये सकाळी उठायला उशीर झाला आणि बादलीवर ऊन आलं, तर आतले सगळे मेले म्हणून समजा. सकाळी सातच्या आत बादली उघडणं ज्यांना रोजच्या धावपळीत जमणार आहे, ज्यांच्याकडे आडोसा असलेली पडवी आहे आणि ज्यांना खरोखर वर्षानुवर्षांची मोजदाद करायची आहे, त्यांनीच या वाटेला जावं.

नेटवर ‘प्रकाश सापळा’ शोधलंत तर शेतीसाठीचे, सौर पॅनेलवाले सापळे समोर येतील. खाली रॉकेल मिसळलेलं पाणी, त्यात पडून भुंगेरे मरतात. हुमणीने उसाची मुळं खाल्लेल्या शेतकऱ्यासाठी ती योग्य वस्तू आहे, आपल्यासाठी नाही. मादीच्या गंधाने नरांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात तर एकाच किडीचे नर येतात. पिवळे चिकट सापळे बागेत नकोतच, त्यांना मित्रकीटक आणि शत्रुकीटक यांच्यातला फरक कळत नाही.

गुळाचा लेप

मंडईत दिवस मावळताना काळी पडलेली केळी मिळतात. ती कुस्करून गुळाच्या पाकात घालायची, दोन दिवस आंबू द्यायची आणि संध्याकाळी झाडाच्या खोडावर छातीच्या उंचीला ब्रशने लावायची. अंधार पडल्यावर टॉर्चने बघायचं. दिव्याची अजिबात गरज नाही, आणि दिव्याकडे सहसा न फिरकणारे काही मोठे पतंग यावर येतात: पंखांवर घुबडाच्या डोळ्यासारखी खूण असलेला, तळहाताएवढा एरेबस, किंवा सुकलेल्या पानासारखे पुढचे पंख मिटून बसणारा युडोसिमा. तितकेच मुंगळे आणि झुरळंही येतात, आणि काही रात्री तेवढंच येतं. बंगल्याच्या आवारात गंमत म्हणून जरूर करा. नियमित नोंदीसाठी ही पद्धत बेभरवशाची आहे, आणि फ्लॅटच्या बाल्कनीत तर नकोच.

अळ्या शोधणं

आता माझी आवडती पद्धत, आणि जिच्याकडे सगळ्यांत कमी लोक वळतात ती. दिवा नाही, चादर नाही, रात्रीचं जागरण नाही. झाडापाशी जायचं आणि पानं उलटून बघायची.

तगरीचं उदाहरण घ्या. पुण्यात प्रत्येक सोसायटीच्या कुंपणाला तगर किंवा कण्हेर असतेच. पावसाळ्यात एखाद्या सकाळी तगरीच्या शेंड्याची पानं गायब झालेली दिसतात, नुसते देठ उभे. वर शोधायच्या आधी खाली बघा. फरशीवर मिऱ्यापेक्षा मोठ्या, कंगोरेदार, काळपट-हिरव्या लेंड्या पडलेल्या असतील. लेंड्या ओल्या असतील तर अळी अजून वरच आहे. त्यांच्या बरोबर वरच्या फांदीवर नजर लावा. बोटाएवढी जाड, पानाच्याच रंगाची अळी फांदीला खालून चिकटलेली असते आणि पहिल्यांदा दिसतच नाही. दिसली की मग नजर हटत नाही: डोक्यामागे दोन मोठे निळे-पांढरे डोळे, त्यांना काळी कड, शेपटीकडे आखूड शिंग. ते डोळे खोटे. खरं डोकं त्यांच्या पुढे खाली दुमडलेलं असतं. हा डॅफ्निस नेराय, कण्हेरीवरचा हॉक मॉथ. काही दिवसांनी ती हिरवी अळी मातकट तपकिरी होते आणि झाडावरून उतरून चालायला लागते. आजारी नाही, कोशात जायला जागा शोधत असते, आणि तिला लागतो तो झाडाखालचा पालापाचोळा. माळीकाका रोज सकाळी बुंधा लख्ख झाडून ठेवत असतील तर तगर लावून अर्धंच काम झालं.

एवढ्या एका झाडावरून किती कळलं बघा: जात कळली, तिचं खाद्य कळलं, महिना कळला, बागेत ती जन्मते की नाही ते कळलं आणि बागेत काय कमी आहे तेही कळलं. चादरीवर हाच पतंग आला असता तर सुंदर हिरव्या-गुलाबी पंखांचा एक फोटो मिळाला असता, बस.

बाकीची झाडंही अशीच बघायची. अनंतावर पारदर्शक पंखांच्या सेफोनोडीसची अळी असते, तिचा पतंग दिवसाच उडतो आणि लोक त्याला भुंगा समजतात. गुळवेलीवर युडोसिमाची मखमली, गडद रंगाची अळी सापडते, तिच्याही अंगावर डोळ्यांसारखे ठिपके. हाच युडोसिमा मोठा झाल्यावर टोकदार सोंडेने मोसंबी आणि डाळिंबाला भोक पाडतो, त्यामुळे बागायतदार त्याचं नाव काढलं की वैतागतात. शहरातल्या गुळवेलीवर तो असला तर कोणाचं बिघडत नाही. एरंडावर उंटासारखी पाठ उंचावत चालणारी अकीया जनाता, लिलीवर पॉलिटेलाच्या अळ्या, खुळखुळ्यावर युटेथायसा. बुचाचं झाड आणि रातराणी अळ्यांसाठी नव्हे, पण रात्री त्यांच्या फुलांवर लांब सोंडेचे हॉक मॉथ येतात का, ते पाचेक मिनिटं उभं राहून बघण्यासारखं आहे.

ओळख पटत नसेल तर अळी वाढवता येते. काचेची बरणी, तोंडाला जुन्या ओढणीचा तुकडा, रोज त्याच झाडाची ताजी पानं, तळाला थोडी माती आणि सुकी पानं. कोशातून पतंग निघाला की शंका मिटते. कधी कधी पतंगाऐवजी भलतंच निघतं. अळीच्या अंगावर तांदळाच्या कणीसारखे पांढरे कोश दिसले तर ती परजीवी गांधीलमाश्यांची पिल्लं आहेत, अळी आता वाचणार नाही. हिरमुसू नका, तीही नोंदच आहे, आणि बागेत फवारणी नसल्याची चांगली खूण. केसाळ अळ्यांना आणि गोगलगायीसारख्या बुटक्या, काटेरी अळ्यांना मात्र हात लावू नका, आग होते.

तोटे? वेळ लागतो, नजर तयार व्हायला एक पावसाळा जातो, आणि संख्या कधीच मोठी होत नाही. मित्रांना दाखवायला रोज नवं काही मिळत नाही.

बाकीच्या कीटकांचं काय

चादरीवर पतंगांखेरीज भुंगेरे, तुडतुडे, नाकतोडे आणि त्यांना खायला टपलेला खंडोबाचा किडा (प्रार्थना कीटक), असे सगळे येतात, त्यांचीही नोंद होते. मधमाश्या, फुलमाश्या, गांधीलमाश्या यांच्यासाठी मात्र दिवसाच बसायला हवं. ब्रिटनमधल्या परागीभवन करणाऱ्या कीटकांच्या मोजणीत एक सोपा प्रकार आहे: फुलांवरची ५० सेंटिमीटर लांब-रुंद चौकट धरायची आणि १० मिनिटांत तिथे कोण कोण बसलं ते मोजायचं. फुलोऱ्यावर आलेल्या तुळशीपुढे हे करून बघा. फुलोरी मधमाशी आणि पोटावर निळे पट्टे असलेली, एकटी राहणारी माशी, दोघी बहुधा भेटतील.

मग घ्यायचं काय

फ्लॅट आणि बाल्कनी असेल तर आयता दिवा आणि कुंड्यांमधल्या अळ्या. काहीही विकत घेऊ नका. सोसायटीची सामाईक बाग असेल तर त्यात महिन्यातून एखादी चादर घाला, पण आधी नोटीस बोर्डावर वेळ लिहा आणि मुलांना बोलवा, म्हणजे विरोध करणारेही कठड्यावरून डोकावतात. जुलैच्या शेवटच्या पूर्ण आठवड्यात राष्ट्रीय पतंग सप्ताह असतो. अमेरिकेत २०१२ मध्ये सुरू झालेला हा उपक्रम आता भारतातही साजरा होतो, सुरुवातीला ते निमित्त बरं. स्वतःचं आवार असलेल्यांनी अळ्या आणि चादर दोन्ही करावं. बादली दुसऱ्या वर्षी, पहिल्या वर्षाची वही भरली असेल तरच.

दोन्हींतलं एकच निवडा म्हणाल तर माझं मत अळ्यांना.

नोंद कुठे करायची

इथे तीन-चार पर्याय आहेत आणि लोक उगीच त्यांच्यात भांडण लावतात.

आयनॅचरलिस्ट सगळ्यांत सोपं. फोटो टाकला की ॲप स्वतः नाव सुचवतं, मग जगभरातले लोक ते तपासतात. जातीच्या पातळीवर दोन-तृतीयांशांहून जास्त जणांचं एकमत झालं की नोंद ‘रिसर्च ग्रेड’ होते आणि योग्य परवान्याखाली असेल तर जीबीआयएफ या जागतिक माहितीसाठ्यात पोचते. धोका इतकाच की यंत्राने सुचवलेलं पहिलं नाव लोक डोळे मिटून स्वीकारतात. तपकिरी, रेघारेघांच्या पतंगांच्या बाबतीत कुळापर्यंत थांबणं हे अज्ञान नाही, शहाणपण आहे.

मॉथ्स ऑफ इंडिया हे संकेतस्थळ वेगळ्या स्वभावाचं. तिथे तज्ज्ञांनी तपासल्यावरच फोटो दिसतो. त्यामुळे वेळ लागतो, पण ओळख भरवशाची. मी नोंद करण्यापेक्षा पडताळायला तिथे जास्त जातो, विशेषतः अळीचं खाद्यझाड बघायला. इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल २००८ पासून चालू आहे. झाडं, पक्षी, कीटक सगळं एकाच ठिकाणी नोंदवायचं असेल आणि माहिती भारतीय मंचावर राहावी असं वाटत असेल तर ते निवडा. खरा नमुनासंग्रह बघायचा असेल तर भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आकुर्डीत आहे, परवानगी काढून अभ्यासक तिथे जातात. स्वतः मारून टाचणी टोचायच्या फंदात पडू नका. काही कीटकांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे, आणि बागेच्या नोंदीसाठी त्याची गरजही नाही.

पण यातलं काहीही निवडलंत तरी शंभर पानी वही हवीच. कारण ॲपवर लोक सुंदर फोटो टाकतात, मळकट पतंग वगळतात, आणि ‘आज काहीच आलं नाही’ हे तर कोणीच टाकत नाही. वर्षाच्या शेवटी तुमची बाग देखण्या पतंगांनी भरलेली दिसते आणि त्यातून काहीच निष्कर्ष निघत नाही. वहीत तारीख, दिवा लावल्याची आणि बंद केल्याची वेळ, कोणता दिवा, ढग की चांदणं, पाऊस, वारा, आणि मग नावं. नाव माहीत नसेल तर ‘तपकिरी, त्रिकोणी, अंगठ्याच्या नखाएवढा, ७’ असं लिहा. शून्य असेल तर शून्य लिहा. परिसरात डासांसाठी धूरफवारणी झाली असेल तर तेही लिहा, पुढच्या आठवड्याचा आकडा त्यावरून समजतो. अळ्यांसाठी झाडाचं नाव आणि किती झाडं तपासली, हे दोन रकाने वेगळे.

कॅमेऱ्यासाठी फार डोकं लावायचं कारण नाही. अंगठ्याएवढ्या पतंगाला मोबाइल पुरतो. मुगाच्या दाण्याएवढ्यांसाठी मोबाइलवर चिमट्याने बसणारी मॅक्रो भिंग घ्या. मोठा कॅमेरा आधीच असेल तर वापरा, यासाठी घेऊ नका. पंख वरून, सरळ रेषेत, एक फोटो, बाजूने एक, आणि शेजारी मोजपट्टी किंवा एक रुपयाचं नाणं. ओळख सांगणाऱ्याला आकार कळला नाही तर तो निम्म्या वेळा गप्प बसतो.

आणि नोंद टाकताना घराचं अचूक स्थान झाकून ठेवा. आयनॅचरलिस्टवर ‘ऑब्स्क्युअर्ड’ निवडलं की ठिकाण साधारण वीस-बावीस किलोमीटरच्या चौकटीत कुठेतरी दाखवलं जातं. पुण्यापुरतं बोलायचं तर त्यात शहराचा मोठा भाग येतो. अचूक स्थान तुमच्या खात्यात राहतंच, आणि एखाद्या अभ्यासकाने मागितलं तर तेवढ्यापुरतं देता येतं.